नळीबद्दल माझं म्हणणं असं की

प्रेमलाबाई शेवगावकरांनी सगळी नोकरी मुलींना मराठी शिकवण्यात घालवली, पण घरात बोलायचं खातं नवऱ्याकडे होतं. माधवराव लष्कराच्या एका डेपोत टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. दिवसभर साहेबांची पत्रं बडवायची आणि संध्याकाळी पिशवी घेऊन भिंगारच्या बाजारात जायचं, हा त्यांचा शिरस्ता. बाजारातून ते अर्धीच भाजी घेऊन यायचे, कारण उरलेली घ्यायची गप्पांच्या नादात राहून जायची. कोणाच्या मुलीचं जमत नाहीये, कोणता मेजर बदलून चाललाय, सगळं त्यांना ठाऊक असे. अवघड काही बोलायचं असलं की तेही त्यांनीच बोलायचं. प्रेमलाबाईंचे वडील गेले तेव्हा बातमी त्यांनीच बाईंना सांगितली. लेकीचं, मनवाचं, पहिलं लग्न ठरून मोडलं, तेव्हा नातेवाइकांना फोन त्यांनीच केले. बाई आतल्या खोलीत बसून ऐकत होत्या.

अशा माणसाची जीभ जड झाली.

सुरुवातीला नुसता ‘ळ’ घसरायचा, मग ‘र’. शेवगावला एका लग्नात पंगतीत मागून कोणीतरी कुजबुजलं, “रिटायर झाल्यावर घ्यायला लागले वाटतं हे.” बाईंनी ऐकलं. माधवरावांनीही ऐकलं असणार, कारण परतीच्या एसटीत ते भिंगार येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. आधी दातांच्या डॉक्टरला दाखवलं, मग नगरला, मग पुण्याला. पुण्याच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. जीभ आधी जाईल, मग हात, मान, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं.

वर्षाच्या आत आवाज पूर्ण गेला. मग पेन धरवेना. अक्षर आधी वाकडं झालं, मग नुसत्या रेघा. तेव्हा हैदराबादहून मनवा एक टॅब आणि त्याला जोडायचा बिनवायरचा छोटा कीबोर्ड घेऊन आली. टॅबच्या काचेवर बोट टेकवलं की माधवरावांचा तळवा खाली पडायचा आणि भलतंच उमटायचं. कीबोर्डचं मात्र तसं नव्हतं. उभा जन्म टायपिंगमध्ये गेलेली बोटं ती, बटणांवर ठेवल्याबरोबर आपापल्या जागी जाऊन बसली. लिहून झालं की टॅबमधून एका तरुण बाईचा आवाज ते वाचून दाखवायचा, रेल्वे स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसा.

पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, “चहात साखर कमी आहे.”

प्रेमलाबाईंनी पदराला डोळे पुसले आणि साखर आणायला गेल्या.

घराला पुन्हा आवाज आला. लंकाबाई रोज सकाळी त्यांना अंघोळ घालायला, उठवाबसवायला यायची. मूळची पाथर्डीकडची, पुष्कळ वर्षं ऊसतोडीला जाऊन आता लेकाजवळ भिंगारला राहिलेली. तिला या आवाजाचं फार अप्रूप. “सायेब, तुमची पोरगी आज काय म्हनती?” ती विचारायची. माधवराव टकटक करायचे आणि पोरगी म्हणायची, “लंकाबाई, पाणी गार आहे.” “गार कुटं हाय? चांगलं कडत हाय की!” असं म्हणून लंकाबाई हसायची आणि आणखी एक तांब्या गरम पाणी ओतायची.

पुढे दहा बोटांची चार झाली, चारांची दोन. वाक्यं आखूड झाली. बाईंना वाटलं, दमत असतील. मान धरवेनाशी झाली तेव्हा ‘हो’ म्हणायला डोळे मिटायचे आणि ‘नाही’ म्हणायला बुबुळं वर न्यायची, असं दोघांनी ठरवून घेतलं. पण ते चहा-पाण्यापुरतं, कूस बदलायची का, पंखा लावायचा का, एवढ्यासाठी. खरं बोलणं कीबोर्डवरच.

दिवाळीनंतर घास अडकायला लागला. भाताची पेज घेतानाही ठसका लागायचा, चेहरा काळानिळा व्हायचा. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटाला लहानसं भोक पाडून नळी बसवावी लागेल, म्हणजे अन्न थेट पोटात जाईल. “श्वास अजून बरा आहे. आत्ताच करायला हवं. नंतर मी हात लावणार नाही. करायची की नाही ते ठरवा आणि आठवड्याभरात सांगा.”

पुण्याहून माधवरावांचा धाकटा भाऊ सुहास याचा रोज फोन. “वहिनी, यात ठरवायचं काय आहे? दादाला उपाशी ठेवणार आहोत का आपण?” मनवाही म्हणत होती, “आई, बसवून टाकू.” बाई दोघांना एकच सांगायच्या, “ते म्हणतील तसं.”

आणि ते काही म्हणत नव्हते. बाई पेज भरवायच्या, तोंड पुसायच्या, कीबोर्ड मांडीवर ठेवायच्या आणि वाट बघायच्या. ‘तुमचं काय ठरलं?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं हे कळत होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. ते लिहितील, आपण वाचू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी माधवरावांनी लिहायला घेतलं. बाई समोर लसूण सोलत बसल्या होत्या. अक्षरं फार हळू उमटत होती. एक उमटलं की बराच वेळ काही नाही, मग दुसरं. बोटं मात्र बटणांवर होती, हलत होती. बाई उठून त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर लिहिलं होतं, “नळीबद्दल माझं म्हणणं असं की”.

पुढे काही येईना.

त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट एका बटणावर पुन्हापुन्हा टेकत होतं. पडद्यावर पुढचं अक्षर उमटत नव्हतं. माधवरावांनी डोळे वर करून बाईंकडे पाहिलं.

“थांबा हं, बंद पडला वाटतं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी कीबोर्ड उचलला. त्याच्या मागच्या बाजूला पाहिलं तर दिवा विझलेला. चार्जिंग संपलं असेल म्हणून वायर लावली आणि पेज गरम करून आल्या. परत येऊन पाहिलं तरी तेच. बाजूचं बटण सरकवून बंद केला, चालू केला. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. टॅबही बंद करून पुन्हा लावला. मनवाने शिकवलं होतं तसं सेटिंगमध्ये गेल्या, ब्लूटूथ उघडलं. कीबोर्डचं नाव तिथे होतं, पण त्याखाली ‘जोडलेला’ असं दिसत नव्हतं. नावावर बोट दाबलं तर टॅब नुसता गोल गोल फिरत राहिला. मधेच मागे वळून त्या म्हणाल्या, “होतंय, होतंय, जरा दम धरा.” आणि मग स्वतःच्या शब्दांची त्यांनाच लाज वाटली.

शेवटी मनवाला फोन लावला. ती ऑफिसात होती, उठून बाहेर आली.

“आई, घाबरू नकोस. ते नाव आहे ना, ते आधी काढून टाक. काढलंस? आता कीबोर्डवर ते जोडायचं बटण आहे, ते दाबून धर. सोडू नकोस. दिवा भराभर लुकलुकायला लागला की सांग.”

“लागला.”

“आता टॅबवर पुन्हा नाव येईल. त्यावर दाब. काही आकडे दाखवेल, ते कीबोर्डवर टाईप कर आणि एंटर मार.”

बाईंनी एकेक आकडा शोधून दाबला. पडद्यावर ‘जोडलेला’ आलं. त्यांनी घाईघाईने ‘माधव’ असं लिहिलं आणि पोरगी म्हणाली, “माधव.” नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात फारसं घेतलं नव्हतं. त्यांना हसू आलं.

“झालं गं! पण बंद का पडला होता?”

“काही नाही, बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही ना, की तो झोपतो. बॅटरी वाचवायला आपोआप बंद होतो. कधीकधी मग नीट उठत नाही.”

“अगं, पण तुझे बाबा तर लिहीतच होते. सकाळपासून बोटं बटणावरच होती.”

“मग माहीत नाही आई. मीटिंग आहे, नंतर बोलते.”

बाईंनी कीबोर्ड माधवरावांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा हात उचलून वर ठेवला. मधलं बोट बटणावर टेकलं. काही उमटलं नाही. पुन्हा टेकलं. नाही. बाईंनी वाकून शेजारचं बटण दाबलं. ‘त’ उमटला. त्यांनी तो पुसला. “हं, आता करा.” बोट टेकलं, थरथरलं, आणि बटण जागचं हललंसुद्धा नाही.

बाई बराच वेळ ते बोट बघत होत्या. कीबोर्ड का झोपी गेला ते त्यांना कळलं. त्याच्या लेखी सकाळपासून जवळपास कोणी बटण दाबलंच नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. माधवराव त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी डोळे मिटले.

तरीही बाई दुपारी लंकाबाईला घरी बसवून रिक्षा करून नगरला गेल्या. कापडात गुंडाळलेला कीबोर्ड पिशवीत. चितळे रोडच्या आतल्या गल्लीत टॅब-मोबाईलचं एक दुकान होतं. मालक मच्छिंद्र नावाचा, चाळिशीचा गृहस्थ. त्याने कीबोर्ड आपल्या फोनला जोडला आणि सगळी बटणं एका दमात दाबून पाहिली.

“काकू, याला काहीच झालेलं नाही. मस्त चालतोय.”

“बटणं जरा जड आहेत का?”

“जड? याच्याइतकी हलकी बटणं कशाचीच नसतात. फुंकर मारली तरी दबतील.”

“याहून हलका मिळेल का एखादा?”

तो हसणार होता, पण बाईंचा चेहरा पाहून थांबला. “कोणासाठी पाहिजे होता?”

“घरच्यांसाठी,” बाई म्हणाल्या, आणि कीबोर्ड पुन्हा कापडात गुंडाळून निघाल्या.

घरी आल्या तेव्हा लंकाबाई माधवरावांना उशांवर टेकवून बसली होती. “बाई, सायबांनी दूध दोन घोटच घेतलं. ठसका लागला लई. म्या मग न्हाई पाजलं.” बाईंनी मान डोलावली. तिला घरी पाठवलं, दार लावलं, पदर खोचला.

आधी त्यांनी आणखी एक खटपट करून पाहिली. माधवरावांचा हात स्वतःच्या हातात धरला आणि त्यांचं बोट बटणांवरून फिरवायला लागल्या, लहान मुलांना पाटीवर गिरवायला शिकवतात तसं. जिथे ओढ वाटेल तिथे दाबायचं. एका बटणावर आल्यावर त्यांना वाटलं, बोट किंचित थांबलं. त्यांनी दाबलं. ‘न’ उमटला. पुढे पुन्हा थांबल्यासारखं वाटलं. पण आता त्यांना खात्री देता येईना की बोट त्यांचं थांबलं की आपला हात थांबला. ‘न’ पासून ‘नको’ होतं, आणि ‘नळी हवी’ हेसुद्धा ‘न’ पासूनच सुरू होतं. आपण त्यांच्या बोटाने आपल्याच मनातलं लिहून काढू, अशी भीती बाईंना वाटली. त्यांनी हात सोडून दिला. टॅब बंद केला.

बाहेर अजून उजेड होता. शेजारच्या आवारात कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बाई खुर्ची ओढून माधवरावांच्या अगदी समोर बसल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं काही सुचेना. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “अहो, आता मलाच विचारावं लागणार.”

माधवरावांनी डोळे मिटून उघडले.

“नळी बसवायची का?”

बुबुळं वर गेली.

नीट विचारायला हवं होतं. तोंडी परीक्षेत मुलगी घाबरून उलट उत्तर द्यायची, तेव्हा बाई प्रश्न फिरवून विचारायच्या.

“म्हणजे नळी नको?”

डोळे मिटले.

“नळी घातली नाही तर अन्न जाणार नाही. अंग झिजत जाईल. मग…” त्या थांबल्या. हा शब्द त्यांनी या घरात कधी उच्चारला नव्हता. दुसरं कोणी उच्चारणारं आता नव्हतं. “मग तुम्ही लवकर मराल. हे कळतंय ना तुम्हाला?”

डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले. उघडले तेव्हा कडेने पाणी ओघळलं. बाईंनी ते पुसलं. ते रडत होते की नुसतं डोळ्यांत पाणी आलं होतं, हे विचारायचं धैर्य मात्र त्यांना झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मनवाला सांगितलं तेव्हा ती फोनवर ओरडली. “आई, तू काय विचारलंस आणि कसं विचारलंस? डोळे मिटले म्हणजे हो, हे असं ठरवायचं? कीबोर्ड दुरुस्त करून घे, त्यांना स्वतःला लिहू दे!”

“कीबोर्ड चांगला आहे, मनू,” बाई म्हणाल्या.

मनवा दोन दिवसांनी आली. वडिलांजवळ बसली, आणि आईला बाहेर जायला सांगितलं. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आतून मनवाचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ बोलत होती, मधेच थांबत होती. बाहेर आली तेव्हा तिने काही सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. तिने डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राची चौकशी केली, मागवलंही. ते पोचायला महिना लागणार होता.

डॉक्टरांना बाईंनीच जाऊन सांगितलं. सुहासला फोनही बाईंनीच केला. तो म्हणाला, “वहिनी, हे मला पटलेलं नाही. लक्षात ठेवा.” आणि फोन ठेवला.

मग बाईंनी एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली, ठळक, शाळेतल्यासारखी. ‘क’ची ओळ का, ‘च’ची ओळ का, असं एकेका ओळीवर पट्टी ठेवून विचारायचं, डोळे मिटले की त्या ओळीतलं अक्षर शोधायचं. हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून त्या स्वतःवर चिडल्या. एक शब्द जुळवायला पेज थंड होई. पहिल्या दिवशी त्यांनी जुळवला ‘मीठ’. पेजेत मीठ नव्हतं. पुढे एकदा ‘सुहास’ झालं, आणि त्यापुढे काही जुळायच्या आत ते झोपले. जागे झाल्यावर बाईंनी पुठ्ठा पुढे धरला, पण त्यांनी बुबुळं वर नेली. एकदा लंकाबाई हौसेने पट्टी धरून बसली. तिला अक्षरं येत नव्हती, ती नुसती ओळीवरून पट्टी सरकवत होती आणि बाई अक्षरं सांगत होत्या. त्या दिवशी जुळलं ‘बास’. पट्टी बास, अंघोळ बास, की काय बास, ते कळलं नाही.

पौषात थंडी पडली. छातीत कफ साठला, घरघर सुरू झाली. अंग इतकं उतरलं होतं की लंकाबाई एकटी त्यांना कुशीवर वळवायची. मनवा रजा घेऊन आली होती. डोळ्यांवर चालणारं यंत्र आलं, पण ते बसवून त्यांच्या डोळ्यांशी जुळवण्याइतका वेळ त्यांचे डोळे उघडे राहत नव्हते. एका दुपारी लंकाबाई त्यांच्या पायांना तेल लावत असताना त्यांचा श्वास दोनदा अडखळला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. लंकाबाईने हाक मारली, “बाई, या हिकडं.” बाई आल्या. मनवा मागे उभी होती. कोणीच रडलं नाही, लगेच तरी नाही.

तेराव्याला माणसं आली. सुहास सुतकातले सगळे दिवस आला नव्हता, तो त्या दिवशी आला. पंगत उठल्यावर पाच-सहा नातेवाईक पडवीत बसले होते. बाई आतून सुपारीचं तबक घेऊन आल्या, तेव्हा सुहास कोणाला तरी सांगत होता. त्यांना पाहून तो थांबला नाही, उलट आवाज चढला.

“मी तेव्हाच म्हटलं होतं. नळी बसवली असती तर दादा आणखी वर्षभर सहज राहिला असता. वहिनींनी ठरवलं, मग आम्ही काय बोलणार?”

सगळे बाईंकडे बघायला लागले. शेवगावच्या एक मावशी होत्या, त्या मान खाली घालून बसल्या. बाई तबक धरून उभ्या होत्या. एरवी अशा वेळी कोण बोललं असतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

“राहिले असते,” बाई म्हणाल्या. “वर्षभर राहिले असते. त्यांना नको होतं. मी विचारलं त्यांना.”

“डोळे मिटवून माणूस काय सांगतो, वहिनी? आणि तेही तुम्हीच वाचायचं.”

दारात मनवा येऊन उभी राहिली होती. तिने आईच्या हातातलं तबक घेतलं.

“काका, मीही विचारलं होतं,” ती म्हणाली. “आईला बाहेर काढून एकटीने विचारलं. बाबा, माझ्यासाठी राहा, असंही म्हणाले. हात जोडले. त्यांनी डोळे वर नेले ते खाली आणलेच नाहीत. मी उठेपर्यंत.” तिने आईकडे पाहिलं. “हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.”

सुहासने मान वळवली. मनवाने तबक मधोमध ठेवलं. बाईंनी तिच्या हाताला धरून तिला आत नेलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघी एकमेकींना धरून रडल्या.